थ्री-नॉट-थ्री कापून हलकी करता येईल का?

मुलीला रायफल जड वाटते, नवी हलकी घ्यावी का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुण्यात बालेवाडीच्या नेमबाजीच्या रेंजवर मुलांना सोडायला येणारे पालक एक गोष्ट हमखास विचारतात. 'मॅडम, परदेशात लोक लष्कराच्या जुन्या रायफली घेऊन त्या कापूनछाटून सुटसुटीत करतात. एनसीसीत तुमच्या गळ्यात ती जडशीळ थ्री-नॉट-थ्री का मारली? ती नसती का कापता आली?'

कायद्याचं उत्तर एका ओळीचं आहे. 1959च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं गुन्हा आहे, आणि .303 म्हणजेच थ्री-नॉट-थ्री हा प्रतिबंधित बोअर (नळीच्या आतलं माप) असल्याने ती तुम्हाआम्हाला सहसा मिळतही नाही. विषय संपला.

पण समजा कापली, तर काय हाती लागेल? तो प्रयोग इंग्रजांनी स्वतःच करून पाहिलाय. 1944 मध्ये त्यांनी ली-एनफिल्डची, म्हणजे याच थ्री-नॉट-थ्रीची, नळी आखूड केली, जागोजागी लोखंड तासलं आणि वजन सव्वातीन किलोच्या आसपास आणलं. आखूड नळीच्या तोंडाशी जाळाचा भपका दिसायला लागला, म्हणून तिथे नरसाळं बसवलं. हलक्या रायफलीचा धक्का खांद्याला सोसवेना, म्हणून दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या लाकडाला, रबर लावलं. एवढं करूनही नेम एका जागी टिकत नाही ही सैनिकांची तक्रार राहिलीच. अमेरिकेत युद्धानंतर अशा रायफली 1968 पर्यंत चक्क टपालाने मिळायच्या. शिकारीसाठी लोकांनी त्यांचं पुढचं लाकूड कापलं, संगिनीचा खिळा उडवला. आज तिथले संग्राहक न कापलेल्या नगाला जास्त पैसे मोजतात. पेठेतल्या वाड्याचे कोरीव खांब भंगारात घालून मग तसलेच खांब जुन्या बाजारात शोधणारे आपल्याकडे आहेतच की! त्या संग्राहकांच्या डब्यांत 'केएफ' छापाची काडतुसं असतात, ती आपल्या खडकीच्या कारखान्याची. हे सांगितलं की पालकांचे चेहरे खुलतात.

आता मुद्द्याचं. रायफल जड वाटते ती बहुतेक वेळा दस्ता मापाचा नसतो म्हणून. दस्ता लांब असला की मान ताणली जाते, शरीर मागे कलतं आणि सगळा भार डाव्या हातावर येतो. मग चार किलोचे आठ वाटतात. ली-एनफिल्ड घडवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. तिचा दस्ता चार मापांत यायचा: लांब, नेहमीचा, आखूड आणि सगळ्यात छोटा बँटम. प्रत्येकात अर्ध्या इंचाचा फरक. आत एकच लांब बोल्ट असल्याने युनिटचा आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, दस्ता बदलू शकायचा. नळीला हात लावायचं कारणच नव्हतं. एनसीसीतल्या आमच्या उस्तादांची परीक्षा साधी होती. दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवायचा आणि बोट ट्रिगरवर नीट पोचतंय का ते बघायचं. माझी उंची पाच फुटांच्या आतली, त्यामुळे मला ते आधी आखूड दस्त्याची रायफल शोधून द्यायचे आणि मगच झोपून फायरिंग.

आणि एक गंमत सांगू? तुमची मुलगी आत जी दहा मीटरची एअर रायफल उचलते, तिला नियमाने साडेपाच किलोपर्यंत वजन चालतं. म्हणजे ती थ्री-नॉट-थ्रीपेक्षा जड असू शकते! तयार नेमबाज वरून वजनं लावून घेतात, कारण जड रायफल कमी थरथरते. स्क्रू फिरवून जुळवतात तो दस्ता आणि गालाखालची पट्टी.

तेव्हा नवी, हलकी रायफल घ्यायची घाई नको. शनिवारी मुलीला जरा लवकर आणा, क्लबच्याच रायफलीचा दस्ता तिच्या मापाला लावून बघू. आणि हो, येताना बूट सपाट तळव्याचे घालायला सांगा.