तंजावर : हॉटेलपासून पायी अंतरावर

तंजावरला राहायचं तर रेल्वे स्टेशनच्या जवळपास, गांधीजी रोडवर राहावं. माझं हॉटेल साधंच होतं. खोलीत उजेड कमी, आणि खाली रात्री उशिरापर्यंत बसचे हॉर्न. पण तिथून बृहदीश्वराचं देऊळ, शिवगंगा बाग, राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय सगळं पायी होतं. आपल्याकडच्या बहुतेक सहलींचा बेत वेगळा असतो: बसमधून उतरायचं, देवळात तासभर फिरायचं, नंदीपुढे फोटो काढायचे आणि मदुराईचा रस्ता धरायचा. याचं मला मनापासून वाईट वाटतं. का, ते सांगते.

त्रिची, श्रीरंगम आधी झालं होतं, त्याविषयी पुन्हा कधीतरी. तंजावरच्या पहिल्या सकाळी इडली-वडा आणि पितळी वाटीतली कॉफी घेऊन निघाले. कालव्यावरचा पूल ओलांडला की थोड्याच वेळात झाडांच्या वर विमान दिसायला लागतं. देवळाचा हा शिखरभाग तमिळनाडूत गोपुरांपेक्षा उंच असणं विरळाच. इथे तो दोनशे फुटांच्या वर गेलाय. राजराजा चोळाने १०१० मध्ये हे काम पुरं केलं. विमानाची सावली जमिनीवर पडत नाही असं गाईड आजही सांगतात. सावली पडते, चांगली लांबलचक पडते. मी तिच्यातच बसले होते, कारण अनवाणी पायांना फरशी नऊ वाजताच चटके द्यायला लागली होती.

आत शिरतानाचं पहिलं प्रवेशद्वार मराठ्यांचं. त्यापुढची दोन गोपुरं चोळांची. गर्दी तिथून सरळ नंदीकडे आणि गाभाऱ्याकडे जाते. मी डावीकडच्या ओवरीत शिरले आणि लिंगांच्या रांगेपुढून, भिंतीवरची विटलेली चित्रं बघत नैर्ऋत्य कोपऱ्याकडे गेले. तिथे भिंतीवर ओळींमागून ओळी कोरलेल्या आहेत. लिपी देवनागरी, भाषा मराठी. भोसले घराण्याचा हा इतिहास तंजावरच्या सरफोजी भोसले राजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतला. एवढा लांब शिलालेख आपल्या भाषेत दुसरा कुठे असेल असं वाटत नाही. चोळांच्या देवळात, जिथे आजूबाजूचा दगड तमिळ अक्षरांनी भरलाय, तिथे उभं राहून आपण चक्क वाचू शकतो! जुन्या वळणाची अक्षरं डोळ्यांत बसायला थोडा वेळ लागतो, मग एकेक नाव सुटं व्हायला लागतं. शहाजी. एकोजी. तुळजा. माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात एक सहल आली. टोप्या सगळ्यांच्या एकाच रंगाच्या, बोली आपल्या दक्षिण महाराष्ट्रातली. सहलीचा माणूस लांबूनच हाका मारत होता, "चला, चला, दहा मिनिटं राहिली!" आठ-नऊ वर्षांची एक मुलगी मात्र भिंतीपाशी थांबली आणि बोट हवेत धरून अक्षरं लावायला लागली. रा... जे. मग ती ओरडलीच, "आज्जी, हितं मराठीत लिवलंय!"

नऊवारीतल्या आजी वळल्या. "काय लिवलंय गं?"

"राजे लिवलंय."

"कुठलं राजे?" हे त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, इथे आले. १६७५ च्या सुमारास त्यांनी तंजावर घेतलं, आणि १८५५ पर्यंत भोसले इथे गादीवर होते. आजींनी भिंतीला हात लावला नाही. लांबूनच नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आन् आमाला कुनी सांगितलं न्हाई बगा." पुन्हा हाक आली. आजी गेल्या, नात मान वळवून बघत बघत गेली.

तीन दिवसांपूर्वीपासून पैसे भरून बसलेल्या लोकांना ही भिंत दाखवायला पाच मिनिटं लागतात. नंदीपासून ती चालत किती लांब आहे? साबुदाणा खिचडी आणि मराठी जेवणाची हमी देणाऱ्या सहलींना मराठी शिलालेखाची आठवण राहू नये, याचा मला तिथे राग आला आणि अजून आहे.

देवळाला लागूनच शिवगंगा बाग आहे आणि तिथे १७७९ चं छोटंसं चर्च. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने लहानग्या सरफोजींना शिकवलं. श्वार्ट्झ अंथरुणाला खिळलाय आणि तरुण राजा त्याचा हात हातात घेऊन उभा आहे, असं संगमरवरी शिल्प राजांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून करवून घेतलं. राजाच्या डोक्यावर पगडी आहे. गुरूच्या थडग्यावरच्या इंग्रजी ओळीही सरफोजींच्याच.

राजवाड्याची अवस्था मात्र बघवत नाही. नायकांनी बांधला, मराठ्यांनी वाढवला, आता कुठे रंग नवा तर कुठे चुना निघालेला, आणि वेगवेगळ्या भागांची तिकिटं वेगवेगळी. पण सरस्वती महालात शिरलं की हे सगळं विसरायला होतं. १७९९ च्या तहाने कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, सरफोजी राजांच्या हाती किल्ला आणि वाडा उरला, आणि त्या माणसाने उरलेल्या आयुष्यात पोथ्या जमवल्या, छापखाना काढला, मोतीबिंदूच्या रुग्णांच्या डोळ्यांची चित्रं काढवून नोंदी ठेवल्या. काशीयात्रेतूनही त्यांनी पोथ्याच आणल्या. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी, आणि मोडीतल्या दप्तरांचे गठ्ठेच्या गठ्ठे.

काचेखालचा मोडी कागद मला वाचता आला नाही. शेजारी उभे असलेले तिथलेच एक गृहस्थ, कपाळाला विभूती, माझ्याशी मराठीत बोलायला लागले. घरात पिढ्यान् पिढ्या मराठी, पण ती लिहायची तमिळ लिपीत, असं म्हणाले. त्यांचं बोलणं तमिळ हेलात, चढ-उतार वेगळे, तरी एक शब्द अडला नाही. महाराष्ट्रातून लोक येतात का, असं मी विचारलं. "देवळात येतात," ते म्हणाले.

विक्रीच्या खिडकीवर ग्रंथालयाने स्वतः छापलेली मराठी पुस्तकंही मिळतात. बुधवारी मात्र ग्रंथालय बंद असतं, तेवढं बघून तिकीट काढा.