चित्रं ऐकण्याची गंमत

पेपरातल्या कॉमिक स्ट्रिपमधून चित्र काढून टाकलं तर उरणार काय, संवादांचे दोनचार फुगे आणि त्यातली उद्गारचिन्हं. पण 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या रेडिओवाल्यांनी नेमकं हेच केलं आणि पोरं संध्याकाळी रेडिओला चिकटली. लिटल ऑर्फन अ‍ॅनी ही अनाथ पोरीची मालिका 1931 मध्ये देशभर लागायला लागली, 1932 मध्ये बक रॉजर्स आला, मग डिटेक्टिव्ह डिक ट्रेसी, फ्लॅश गॉर्डन, टेरी अँड द पायरेट्स अशी रांगच लागली. आपल्याला इंद्रजाल कॉमिक्समुळे माहीत असलेला मँड्रेकसुद्धा 1940 मध्ये रेडिओवर आला. हातवारे करून भूल घालणारा जादूगार, आणि तो ऐकायचा! धाडसच म्हणायचं.

यातले जे भाग उरलेत ते नेटवर मिळतात, मी भांडी घासताना लावते. मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे ही माणसं जे दिसेल ते मोठ्यांदा बोलून दाखवतात, म्हणजे दार हळूच उघडतंय, त्याच्या हातात पिस्तूल आहे, विमान आपल्याकडेच वळलंय, जीव जायची वेळ आलीय तरी रनिंग कॉमेंट्री थांबत नाही. हसू येतं, पण चित्रकाराचं काम कुणीतरी करायलाच हवं ना. सुपरमॅनचं बघा, त्याची स्ट्रिप 1939 ची आणि रेडिओ मालिका 1940 ची. आता माणूस उडाला हे कानाला कळणार कसं, नुसत्या वाऱ्याच्या आवाजावर काय समजणार, म्हणून तो उडताना ‘अप, अप अँड अवे’ ओरडायला लागला. त्याचा संपादक पेरी व्हाइट आधी रेडिओवर आला, त्याची ताकद काढून घेणारा क्रिप्टोनाइट हा खडाही आधी रेडिओवरच, 1943 मध्ये, आणि कॉमिक्सवाल्यांनी नंतर ते उचललं. उसनं घेतलेलं असं व्याजासकट परत गेलं.

अ‍ॅनीची तर वेगळीच मजा. सुरुवातीला देशाच्या दोन टोकांना जोडणारी रेडिओची लाइन नव्हती म्हणून नटांचा एक संच शिकागोत आणि दुसरा सॅन फ्रान्सिस्कोत, स्क्रिप्ट तेच, अ‍ॅनी दोन. भाग जेमतेम पंधरा मिनिटांचा आणि त्यातला बराच वेळ ओव्हल्टीन, म्हणजे दुधात घालायची पावडर, प्या म्हणून सांगण्यात जायचा. डब्याच्या झाकणाखालचं सील आणि दहा सेंट पाठवले की डीकोडर बिल्ला, म्हणजे गुप्त आकड्यांची अक्षरं करून देणारा बिल्ला, घरी यायचा, मग भागाच्या शेवटी निवेदक आकडे सांगणार, पोरं ते लिहून घेऊन उलगडणार आणि त्यातून उद्याच्या गोष्टीची हिंट मिळणार. म्हणजे उद्याचं थोडंसं आज हवं असेल तर आईला डबा आणायला लावा. आमच्या लहानपणी असं काही असतं तर मी किती दूध ढोसलं असतं!

पण माझा सगळ्यात लाडका भाग खरं तर मालिकेतला नाहीच. 1945 च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये पेपर पोचवणाऱ्यांचा संप झाला, पोरांची कॉमिक्स बंद पडली, तर महापौर ला गार्डिया स्वतः डब्ल्यूएनवायसी रेडिओवर बसले आणि डिक ट्रेसी वाचून दाखवायला लागले, कुठल्या चौकटीत काय चाललंय ते सांगत, अगदी रंगात येऊन. ना बंदुकीचे आवाज ना ऑर्गन. तेवढ्या वेळात शहराचा कारभार कोण बघत होतं देव जाणे, पण मी खऱ्या डिक ट्रेसीपेक्षा तीच रेकॉर्डिंग जास्त वेळा ऐकलीय.