‘स्टेम सेल पॅकेज’ तपासताना

निपाणीजवळ उसाच्या ट्रॉलीवरून पडून दाजींचा डी-१० (पाठीचा दहावा) मणका मोडला. रॉड-स्क्रूचं ऑपरेशन झालं, पण पाय हलले नाहीत. पाचव्या महिन्यात ओळखीतून स्टेम सेल (वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) उपचाराचं एक माहितीपत्रक घरी आलं: तीन इंजेक्शनं, काही लाख रुपये, ‘तुमच्याच पेशी, म्हणून धोका नाही’. आत्या म्हणाली, "एकर गेला तर जाऊदे, माणूस उभा राहतोय न्हवं?" एकर विकण्याआधी मी काय काय बघितलं ते लिहितोय.

पहिली अडचण घरच्याच फाईलमध्ये होती. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘पॅराप्लेजिया’ (दोन्ही पाय लुळे) लिहिलेलं, ‘एशिया’ श्रेणी, म्हणजे मज्जारज्जूची इजा किती ते सांगणारं अक्षर, नाही. ही तपासणी पुन्हा करून घ्यावी लागली. दोन्ही बाजूंच्या २८-२८ ठिकाणी कापसाचा स्पर्श आणि टाचणीची टोच, १०-१० स्नायूंना ० ते ५ गुण, आणि शेवटी गुदद्वाराजवळची संवेदना. संकोचापायी हीच शेवटची पायरी गाळली जाते, आणि ‘ए’ की ‘बी’ हे तिच्यावरच ठरतं. तिथं काहीच जाणवत नसेल आणि स्नायूही आवळत नसेल तर ‘ए’. दाजींना टोच कळली, म्हणजे ‘बी’. अशा अपुऱ्या इजेत, म्हणजे खाली थोडी तरी जाणीव उरलेली असते तेव्हा, पहिल्या सहा महिने-वर्षभरात आपसूकच काही सुधारणा होते. त्याच काळात इंजेक्शन दिलं तर श्रेय कुणाला जाईल ते सांगायला नको. माहितीपत्रकात श्रेणी किंवा अपघाताची तारीख विचारलेलीच नव्हती.

खऱ्या चाचण्या (नवा उपचार माणसांवर तपासणारे प्रयोग) अपघाताच्या तारखेवर अडून बसतात. जपानच्या केइओ विद्यापीठानं आयपीएस पेशींपासून (साध्या पेशींना प्रयोगशाळेत पुन्हा मूळ पेशी बनवलेलं) तयार केलेल्या सुमारे २० लाख पेशी थेट मज्जारज्जूत सोडल्या, त्या इजेनंतर १४ ते २८ दिवसांत. पहिला रुग्ण डिसेंबर २०२१ चा. २०२५ मध्ये चार जणांचे निकाल सांगितले गेले, दोघांत ठळक सुधारणा. चारच माणसं, आणि तुलनेला दुसरा गट नाही. जुन्या इजेत व्रण घट्ट झालेला असतो, पेशी टिकणंच अवघड. कमरेच्या हाडातून काढलेल्या मज्जेतल्या पेशी तर बहुतेक वेळा चेतापेशी होतच नाहीत. त्या काही रसायनं सोडतात आणि लवकरच मरून जातात.

‘स्वतःच्या पेशी’ म्हणजे निर्धोक, हेही खरं नाही. नाकातली श्लेष्मल ऊती मज्जारज्जूत बसवलेल्या एका स्त्रीला आठ वर्षांनी तिथंच श्लेष्म तयार करणारी गाठ आढळली होती.

मग कागद. आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळा स्टेम सेल वापर मंजूर चाचणीतच व्हावा, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. मी सीटीआरआय (देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नंबर मागितला. मिळाला, आणि इथंच माणूस फसतो: नोंदणी म्हणजे परवानगी नव्हे. सीटीआरआयच्या संकेतस्थळावर नंबर टाकून नोंद उघडा आणि चार रकाने बघा: डीसीजीआयची (केंद्राचे औषध नियंत्रक) मंजुरी, एथिक्स कमिटीचं (रुग्णांचं हित बघणारी समिती) नाव, भरती सुरू आहे का, आणि आपण जाणार ते केंद्र यादीत आहे का. आमच्या नंबरवर आजारच वेगळा निघाला.

संमतीपत्र आपल्याला कळेल अशा भाषेत मिळायला हवं. बेळगावकडं कन्नड किंवा इंग्रजी प्रत पुढं करतात. मराठी मागायची, घरी आणून वाचायची. चाचणीमुळं इजा झाली तर उपचार कोण करणार, हे त्यात नसेल तर सही नाही. फोनवर मी हे विचारलं तेव्हा समोरून ‘सवलत’ सांगण्यात आली.

पैसा शेवटी गादी, व्हीलचेअरची उशी आणि कॅथेटरकडं (लघवी काढायची नळी) गेला. दर चार ते सहा तासांनी स्वच्छ कॅथेटर, एका वेळी ५०० मिलीच्या आत लघवी. जास्त भरली की कॅथेटर जास्त वेळा घालायचा, पाणी तोडायचं नाही. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाडावर जखम किंवा लघवीचा संसर्ग असेल तर उद्या खरी चाचणी निघाली तरी तिथं दारातूनच परत पाठवतात. एशियाची शीट प्लास्टिकच्या पाकिटात आहे. पुढची तपासणी अपघाताला वर्ष झाल्यावर.