मॅसीचं स्टिअरिंग: ड्रॅग लिंक वाचली, आर्म गेला

नागपूरच्या मे महिन्यात नऊनंतर पाना हातात धरवत नाही, म्हणून सकाळी सहालाच काम धरलं. वखरणी करताना बाबांच्या जुन्या मॅसी 1035 ट्रॅक्टरचं उजवं पुढचं चाक धुऱ्यावरच्या दगडाला बसलं होतं. तेव्हापासून स्टिअरिंग सरळ धरलं तरी ते चाक तिरपंच. या गाडीला दोन्ही बाजूंना वेगवेगळी ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा, आहे. एक वाकली की ती आखूड होते आणि तेवढंच चाक फिरतं.

लिंकच्या टोकाचा बॉल जॉइंट चाक वळवणाऱ्या आर्ममधून सुटता सुटेना. नट दोन आट्यांवर ठेवला आणि आर्मच्या डोळ्याला, म्हणजे जॉइंट बसतो त्या भोकाच्या कडेला, दोन्ही बाजूंनी एकदम दोन हातोडे मारले. तिसऱ्या ठोक्याला टक्कन सुटला. आट्यांवर कधीही मारू नका.

लिंक कडप्प्याच्या फरशीवर गडगडवली, मधोमध 12 मिमी वाक. पाइपला चुणी नव्हती, त्यामुळे सरळ करण्यात धोका वाटला नाही. वाडीतल्या वर्कशॉपात प्रेसवर थंडच दाबली. प्रेस सोडला की लोखंड थोडं परततं, म्हणून दर वेळी सरळ रेषेच्या जरा पुढे न्यायची. चार वेळा दाबली. आता फरशीवर डुगडुगत नाही.

स्पिंडलवरचा, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या उभ्या दांड्यावरचा, वाकलेला आर्म मात्र मला राखायचाच होता, बाबांच्या हातचा मूळ भाग. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, गॅसवर लाल करून देतो ना सरळ." मी नको म्हटलं. फोर्जिंग तापवलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो आणि पुढच्या खड्ड्यात तो परत वाकतो. आधी डाय टेस्ट केली, म्हणजे तडा दाखवणारा लाल रंग लावला. लाल रंग पुसून पांढरा डेव्हलपर मारला, तर पाच मिनिटांत की-वेच्या, म्हणजे चावी बसते त्या खाचेच्या, कोपऱ्यातून केसाएवढी लाल रेघ उमटली, म्हणजे तडा. दोन सेंटीमीटर. आर्म बाजूला ठेवला. स्टिअरिंगच्या भागाला वेल्डिंग मी करणार नाही, कुणी करू नये. नवा आर्म, नवा बॉल जॉइंट आणि नव्या स्प्लिट पिना लावल्या.

टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते, दोरी आणि खडूने घेतलं. दोन्ही टायरांवर हबच्या उंचीला पुढून खुणा केल्या, अंतर मोजलं. मग गाडी ढकलून त्याच खुणा मागे आणल्या आणि पुन्हा मोजलं. पुढे 5 मिमी कमी ठेवलं, क्लॅम्प आवळले.

संध्याकाळी पांदणीवर फिरवून आणली, चाक कुठेच ओढत नाही. डाव्या स्पिंडलच्या खालच्या बुशला अजून प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. तो मृगाआधी काढतो.