सासूचं घोंगडं

सांगलीत पोर्ट्रेट काढणाऱ्याकडं आईच्या फोटोसाठी लोक बहुतेक वेळा ती गेल्यावरच येतात. हातात आधार कार्ड, नाहीतर लग्नाच्या ग्रुप फोटोत मागे उभी असलेली बाई. तेवढाच चेहरा मोठा करून द्यायचा, हाराची फ्रेम लावायची. जन्मभर राबलेल्या बाईचा एकही धड फोटो घरात नसतो, याचा मला प्रत्येक वेळी त्रास होतो.

म्हणून आटपाडीकडची एक मुलगी "आईचा फोटो काढायचाय, आई घरी आहे" म्हणाली, तेव्हा मी लगेच निघालो. जाताना तिनं सगळं सांगितलं. वडील लवकर गेले. दिवाळी झाली की आई घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढरांमागं कृष्णाकाठी उतरायची. लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य घ्यायची. तीन पोरं तिनं अशी वाढवली.

मुलीनं नवी पैठणी आणली होती. मावशींनी तिच्यावरून हात फिरवला आणि बाजूला ठेवली. अंगावर इरकल होतंच. आतून एक काळं घोंगडं आणून त्यांनी खांद्यावर घेतलं.

"माज्या सासूचा फोटू न्हाई कुठं. ह्ये तेवढं तिच्या हातचं हाय. ह्येचा सूत न् सूत दिसला पायजे."

लोकर सासूनं चातीवर कातलेली, विणलेलं गावातल्या सणगरानं. वर चिंचोक्याची खळ. रंग दिलेला नाही, काळ्या मेंढीचाच तो रंग.

आता काम अवघड झालं. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतं. काळी लोकर समोर आली की ते उजेड वाढवतं, काळं राखाडी पडतं आणि चेहराही फिका होतो. मी एक्स्पोजर एक स्टॉप खाली घेतलं, म्हणजे उजेड निम्मा केला. मावशींना उत्तरेच्या दारात, पण उजेड एका बाजूनं पडेल असं बसवलं. समोरून उजेड टाकला असता तर विणीचे उंचसखल धागे सपाट झाले असते, सुरकुत्याही. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल धरायला नातवाला उभं केलं. लेन्स ८५ मिलिमीटर. अॅपर्चर ५.६, कारण इथं मागचं धूसर करून नुसते डोळे उठवायचे नव्हते. डोळे आणि घोंगडं दोन्ही स्पष्ट हवं होतं.

"चाती चालवून दाखवता का?" म्हटल्यावर त्यांनी लोकरीचा पेळू हातात घेतला. धागा ताणताना मनगटाची शीर उभी राहिली, हनुवटी वर आली. कॅमेऱ्याकडं त्यांनी बघितलंच नाही, नजर धाग्यावर. मुलीला ते खटकलं, डोळे नीट दिसत नाहीत म्हणाली. तिच्यासाठी समोर बघतानाचाही फोटो काढला, चांगला आलाय. पण मला विचाराल तर मावशी धाग्याच्या फोटोतच आहेत.

कपाळावरचं गोंदण, गालावरचे डाग मी संगणकावर हलवले नाहीत. मुलीनंही मागितलं नाही. १६ बाय २० इंचाची प्रिंट मॅट कागदावर काढली, चकचकीत कागदावर समोरचा उजेड चमकतो आणि काळ्यातले धागे नीट दिसत नाहीत.

प्रिंट घेऊन गेलो तेव्हा मावशी चेहऱ्याकडं क्षणभरच थांबल्या. बोट थेट घोंगड्याच्या काठावर, जिथं जाड दोऱ्यानं सांधलेलं आहे तिथं.

"ह्यो टाका सासूचा. आलाय बघ." मग मुलीकडं वळून, "विट्याच्या पोरीलाबी एक काढून दे म्हनावं."

ती प्रत मी त्याच आठवड्यात पाठवली.