श्रवणयंत्रात तानपुरा बसवताना

नववीत असताना मला औषधांना दाद न देणारा टीबी झाला. तेव्हा त्यावर कानामायसिनची इंजेक्शनं देत. टीबी बरा झाला, पण कान गेले. हे औषध कानाच्या आतल्या नाजूक केसपेशी मारतं आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत ते वापरू नये असं सांगितलं. माझी इंजेक्शनं त्याआधीच टोचून झाली होती.

आज मी गाते. माहीमला राहते, बायकांच्या मिलादमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या जन्माच्या मेळाव्यात, नात म्हणजे त्यांची स्तुतिगीतं म्हणते, दादरला बाईंकडे ख्याल शिकते आणि आता छोट्या बैठकांची बोलावणीही येऊ लागली आहेत. ‘ऐकू येत नाही तर सूर कसा लागतो?’ असं विचारून लोक स्वतःच ‘अल्लाची देन’ म्हणून मोकळे होतात. देन आहेच, पण त्यामागे बरीच खटपट आहे. ती सांगायला हवी, कारण कान गेलेल्या मुलीला सगळ्यात आधी गाणं सोडायला सांगतात.

कायद्याच्या भाषेत मी कर्णबधिर. २०१६च्या कायद्याप्रमाणे बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांत ७० डेसिबल ऱ्हास असला की तसा दाखला मिळतो. पण माझा ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या उंचीचा आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख, सरळ रेषेत नाही, तो उतरता आहे. ४००० हर्ट्झला जवळपास काहीच नाही, म्हणून ‘स’, ‘श’, ‘फ’ मी ओठांवरून वाचते. २५० हर्ट्झच्या आसपास मात्र बरंच शिल्लक आहे. माझी गाण्याची पट्टी काळी चार, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी. म्हणजे मध्य सा साधारण २०८ हर्ट्झ, तार सा ४१५. माझं अख्खं मध्य सप्तक नेमकं उरलेल्या कानात बसतं! हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

अडचण मशीनची, म्हणजे श्रवणयंत्राची होती. पहिल्या दुकानात सांगितलं, ‘मॅडम, मशीन बोलणं ऐकायला असते, गाण्याला नाही.’ मशीनला एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा ट्रॅफिक वाटतो, म्हणून ती तो दाबते. तानपुरा तर एकसारखाच वाजणार. दोन-तीन सेकंद ऐकू यायचा आणि मग कुणी दार लोटून घ्यावं तसा मावळायचा. मी लांब सा धरला की मशीनला ती स्वतःचीच शिट्टी वाटायची आणि तिला मारताना ती माझाच सूर थरथरवायची. वरचे आवाज खाली ओढून ऐकवायची सोय होती, तिच्यामुळे स्वरांचे वरचे अंश भलत्याच जागी पडायचे.

पुढे एक ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ भेटल्या. त्या म्हणाल्या, ‘तानपुराच घेऊन या.’ अब्बांनी मिरजेहून आणलेला तानपुरा टॅक्सीत आडवा घालून नेला. मी तारा छेडत बसले आणि त्या कॉम्प्युटरवर एकेक गोष्ट बंद करत गेल्या. आधी एकसारखा आवाज दाबणं, मग शिट्टी समजून सूर मारणं, मग वरचे आवाज खाली ओढणं. हळू आणि मोठ्या आवाजातला फरक मशीन सपाट करते, तेही त्यांनी कमी केलं. हे सगळं वेगळ्या प्रोग्रॅमवर ठेवलं. बटण दाबलं की गाणं, परत दाबलं की बोलणं. तारा छेडत राहिले आणि तानपुरा मावळला नाही. अम्मी कोपऱ्यात बसली होती, तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं.

बाकीचं काम बाईंनी केलं. त्या नेहमी ओठ दिसतील असं बसतात. सुरुवातीला त्यांनी मला गाल तानपुऱ्याच्या दांडीला टेकवून खर्ज ओळखायला लावला, ‘लाकडातून ऐक गं.’ मी मोबाइलच्या ट्यूनरवर फार विसंबायचे. भूप रागात माझा गंधार, म्हणजे ग, काट्यावर उतरलेला दिसायचा आणि बाई म्हणायच्या, ‘बरोबर आहे, तिथेच ठेव.’ कारण ट्यूनरचा ग हार्मोनियमसारखा असतो आणि तानपुऱ्यातून निघणारा ग त्याहून सुमारे १४ सेंट खाली (हार्मोनियमच्या दोन शेजारच्या पट्ट्यांत १०० सेंट असतात). मी काटा सोडला, तानपुरा धरला.

ताल मला डग्ग्यातून, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्यातून कळतो. सोळा मात्रांच्या तीनतालात ‘धा तिं तिं ता’ आलं की दहाव्या मात्रेला डग्ग्याची घुमार थांबते, ती चौदाव्याला परत येते. लाकडी मंचावर मांडी घालून बसलं की ती घुमार खालून अंगात येते. आयोजकांना मी आधीच सांगते: लाकडी बैठक हवी आणि तबलजीचा डावा हात मला दिसला पाहिजे.

फुफीला, म्हणजे आत्याला, माझं गाणं पसंत नव्हतं. अब्बांनी तिला एवढंच सांगितलं, की छज्जू खाँ, नझीर खाँ, खादिम हुसेन खाँ हे गवई भाऊ आपल्या भेंडीबाजारातच राहत होते आणि त्यांच्या भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांकडे लतादीदी शिकल्या. आता ती मिलादला पुढे बसते.

गाण्याच्या प्रवेशिका परीक्षेला परीक्षकांनी मान खाली घालून प्रश्न विचारला. मी म्हटलं, ‘सर, मला ओठ दिसू द्या.’ त्यांनी मान वर केली, प्रश्न पुन्हा विचारला, मी दुर्गा राग गायले आणि पास झाले. सध्या पुढच्या, मध्यमा परीक्षेची तयारी चालू आहे. द्रुत तानांत मशीन अजून मागे पडते, म्हणून पुढच्या तपासणीला तानपुऱ्याबरोबर तबलजीलाही नेणार आहे.