माऊस डाव्या हातात घेतला आणि खांदा सुटला

मी सांगलीत मार्केट यार्डात एका आडत दुकानात हिशोब बघते. दिवसभर टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एंट्र्या, मधेमधे शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाचे हिशोब) आणि मराठीत पत्रं, सकाळी दहा ते संध्याकाळी सात हात कीबोर्डवरच. गेल्या वर्षी हळदीचा सीझन आणि मार्चएंड एकदमच अंगावर आले आणि उजवा खांदा असा धरला की रात्री त्या कुशीवर झोपता येईना.

सगळ्यांनी सांगितलं माऊस बदल, म्हणून मी उभा माऊस घेतला, हात मिळवताना धरतो तसा हात राहतो ना, तो. मनगटाला खरंच बरं वाटलं, खांदा मात्र तसाच. मग एका रविवारी टेप घेऊन टेबल मोजलं. टाईप करताना आपल्या नाकासमोर साधारण जी आणि एच या कीज येतात, तिथून माऊसच्या मध्यापर्यंत अंतर भरलं जवळजवळ 40 सेंटीमीटर! मधे अख्खा नंबरपॅड. म्हणजे दिवसभर मी कोपर अंगापासून लांब धरून बसायची, त्यात चांगल्यातला चांगला माऊस तरी काय करणार?

भाच्याचा छोटा, नंबरपॅड नसलेला कीबोर्ड चार दिवस आणून बघितला. माऊस जवळ आला पण रकमा वरच्या ओळीतून टाकायच्या म्हणजे प्रत्येक वेळी खाली बघायचं, नंबरपॅडवर कसं, 5 च्या कीवरचा उंचवटा बोटाला लागला की नजर कागदावरून हलत नाही. आणि बाणाच्या कीज घुसवायला त्यात उजवी शिफ्ट इतकी बारकी केलेली की मराठी टाईप करताना जीव नकोसा झाला. मी मराठी ज्या कीबोर्ड मांडणीत टाईप करते त्या इनस्क्रिप्टमध्ये ण म्हणजे शिफ्ट आणि सी, सी दाबायचं डाव्या हाताने म्हणून शिफ्ट उजवी लागते, ळ चं उलट, ल च्या कीवर डावी शिफ्ट धरून. आमच्याकडे तर दर दुसऱ्या ओळीत ण नाहीतर ळ.

शेवटी नंबरपॅड उजवीकडेच ठेवला आणि माऊस डावीकडे आणला. पहिला आठवडा फार जड गेला, कर्सर भलतीकडेच जायचा, पण टॅलीत पेमेंट एफ5, जर्नल एफ7, सेल्स एफ8 असं सगळं कीबोर्डवरच चालतं म्हणून निभावलं, तिसऱ्या आठवड्यात हात बसला. माझा उभा माऊस उजव्या हाताचा होता त्यामुळे तो घरी गेला, आता दोन्ही बाजूंनी सारखा असलेला साधाच माऊस वापरते, फक्त तळहात टेकेल एवढा मोठा बघून घेतला. खांद्याचं दुखणं दोन महिन्यांत पुष्कळ उतरलं. (अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा, तो नसेचा त्रास असू शकतो, कीबोर्ड नंतर बघता येईल.)

कीबोर्ड मात्र नवीन घेतला, पूर्ण आकाराचा मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक कीखाली वेगळा स्विच असलेला, त्यातही ब्राऊन नावाच्या स्विचचा. कीजखाली रबर असलेल्या साध्या कीबोर्डात की पार तळापर्यंत दाबावी लागते, यात साधारण 4 मिलिमीटरपैकी 2 मिलिमीटरलाच अक्षर उमटतं, संध्याकाळी बोटं कमी थकतात हे मला स्पष्ट जाणवतं. ब्लू स्विच ऑफिसात नको, फार टकटक. आणि कीबोर्डचे मागचे पाय उघडू नका हो, त्याने मनगट वर मुडपतं, मी इतकी वर्षं उघडेच ठेवायची.

दुकानात गेलात तर नुसतं एबीसीडी टाईप करून उठू नका. मराठी चालू करायला सांगा आणि 'हळद' आणि 'येणे बाकी' दहा दहा वेळा टाईप करा, करंगळी शिफ्टवर न चुकता पडते का ते बघा. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनीही परवापासून माऊस डावीकडे घेतलाय, आज तिसरा दिवस, अजून वैतागलेल्या आहेत.